कीटकनाशकं आणि जमिनीतले उपयुक्त जिवाणू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माती तपासायला आलेल्या पिशव्यांबरोबर, खरिपाच्या आधीच्या बैठकांत आणि रात्री नऊनंतरच्या फोनवर जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत. शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात, आम्हीही इथे तसंच म्हटलं आहे. प्रश्न जसे आले तसेच ठेवले आहेत, त्यामुळे काही ठिकाणी सूर थोडा तापलेला वाटेल.

औषध फवारलं की जमिनीतले जिवाणू मरतात, हे खरं का?

सरसकट नाही. आधी हिशोब मांडू. एका एकरातली वरची सहा इंच माती साधारण साडेआठ लाख किलो भरते. क्लोरोपायरीफॉस २० टक्के प्रवाही एकरी ५०० मिली फवारलं, तर त्यात मूळ विष १०० ग्रॅम. ते सगळंच्या सगळं जमिनीवर पडलं आणि सहा इंचांत नीट मिसळलं असं धरलं, तरी किलोभर मातीच्या वाट्याला ०.१२ मिलिग्रॅम येतं. प्रत्यक्षात ते वरच्या इंच-अर्ध्या इंचातच राहतं, म्हणजे तिथलं प्रमाण सहा ते बारा पट. तरीही बहुतेक जिवाणू ते पचवतात.

कारण साधं आहे. ऑर्गेनोफॉस्फेट (क्लोरोपायरीफॉस यातलंच), कार्बामेट, पायरेथ्रॉइड, निओनिकोटिनॉइड या कीटकनाशकांच्या सगळ्या गटांचा घाव किड्याच्या मज्जासंस्थेवर असतो, आणि जिवाणूला नसाच नाहीत. शिफारशीच्या मात्रेत पानांवर एक-दोन फवारे मारले, तर मातीतली हालचाल थोडे दिवस मंदावते आणि काही आठवड्यांत पूर्वपदावर येते, असंच बहुतेक प्रयोगांत दिसलं आहे. ‘औषधानं जमीन मेली’ हे वाक्य ऐकलं की म्हणूनच आम्ही आधी विचारतो: फवारलं की ओतलं?

फवारण्यात आणि ओतण्यात एवढा काय फरक?

डाळिंबाचं उदाहरण घ्या. खोडाला बारीक भोकं पाडणाऱ्या भुंगेऱ्यासाठी बरेच जण आळवणी करतात, म्हणजे औषधाचं पाणी बुंध्यात ओततात. समजा कुणी तेच क्लोरोपायरीफॉस लिटरला ५ मिली घेतलं आणि झाडाला ५ लिटर पाणी सोडलं. झालं २५ मिली, म्हणजे ५ ग्रॅम मूळ विष, आणि तेही एका झाडाच्या बुंध्यात. दोन फूट व्यासाचा, सहा इंच खोलीचा भाग भिजला असं धरलं, तर ती माती साठ किलोच्या आसपास. किलोला ८५ मिलिग्रॅम. वरच्या फवारणीच्या हिशोबाच्या सातशे पट.

आणि हे कुठे पडतं? जिथे पांढऱ्या मुळ्या आहेत, जिथे मुळांतून झिरपणाऱ्या साखरेवर जिवाणूंची सगळ्यात दाट वस्ती असते, बरोबर तिथे. बरं, आळवणीत एकटं कीटकनाशक क्वचितच असतं. सोबत कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा दुसरं बुरशीनाशक, एखादं टॉनिक, कधी ‘मर रोगावर पण चालेल’ म्हणून दुकानदारानं दिलेली तिसरी पुडी. एकाच बादलीत. या मिश्रणाचा मातीवर काय परिणाम होतो हे कुणी तपासलेलं नसतं.

दाणेदार औषधाचंही हेच. एकरी किलो वाचायला कमी वाटतात, पण दाणे सरीत एका ओळीत पडतात आणि प्रत्येक दाण्याभोवती विषाचा छोटा गोळा तयार होतो. ओळीबाहेरच्या मातीला त्याचा पत्ताही नसतो. ही एका अर्थी चांगली गोष्ट आहे, कारण तिथूनच जिवाणू पुन्हा पसरतात.

नेमक्या कोणत्या जिवाणूंना फटका बसतो?

इथे खरी गोम आहे. चमचाभर चांगल्या मातीत जिवाणूंची संख्या कोटींत, कधी अब्जांत जाते. शेण कुजवणं, पाचट सडवणं ही कामं करणारे हजारो प्रकार आहेत. त्यातले दहा गेले तरी अकरावा पुढे येतो. हे काम सहसा थांबत नाही.

पण काही कामं मोजक्या कारागिरांच्याच हातात असतात. अमोनियाचं नायट्राइट करणारे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू आणि त्यांच्याच धंद्यातले काही आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव). पुढे नायट्राइटचं नायट्रेट करणारे नायट्रोबॅक्टर, नायट्रोस्पायरा. हे सावकाश वाढतात, प्रकार कमी, आणि यांच्यातल्या एकाला धक्का बसला तर बदली कामगार लगेच मिळत नाही. द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करणारे रायझोबियम तर त्याहून नखरेल. त्यांना पिकाशी बोलणं जमलं पाहिजे, नाहीतर जिवंत असूनही उपयोग शून्य.

म्हणून ‘एकूण जिवाणूसंख्या’ हा आकडा आम्हाला फारसा पटत नाही. औषध टाकल्यावर तो कधीकधी वाढतोसुद्धा! मेलेल्या किड्यांवर, बुरशीवर आणि कधी खुद्द औषधावर ताव मारणारे मूठभर प्रकार वाढतात आणि आकडा फुगतो. शिवाय प्रयोगशाळेतल्या थाळीवर मातीतले बहुतेक जिवाणू वाढतच नाहीत. थाळीवरची गर्दी म्हणजे गावातल्या पारावर बसलेली माणसं. त्यावरून गावाची खानेसुमारी होत नाही.

सोयाबीनच्या मुळांवर गाठीच आल्या नाहीत. बीजप्रक्रियेच्या औषधानं असं झालं का?

शक्य आहे. पण आधी झाड नीट उपटा. हातानं ओढलं की निम्म्या गाठी जमिनीतच तुटून राहतात आणि माणूस घाबरतो. पेरणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी, वाफसा असताना, खुरप्यानं किंवा फावड्यानं मातीच्या ढेपेसकट झाड काढा. ढेप बादलीभर पाण्यात दहा मिनिटं ठेवा, माती आपोआप सुटते. मग गाठ नखानं फोडा. आत लालसर-गुलाबी, बिटाच्या फिकट फोडीसारखा रंग असेल तर ती गाठ नत्र बांधते आहे. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या नात्यातल्या द्रव्याचा आहे. पांढरी निघाली तर ती अजून कोवळी किंवा निकामी, हिरवट-तपकिरी निघाली तर तिचं काम संपलं. गाठींची संख्या मोजण्यापेक्षा असा रंग बघणं जास्त उपयोगाचं.

आता औषधाकडे वळू. रायझोबियम आणि पीक यांची गाठ कशी पडते, हे समजलं की बाकीचं उलगडतं. मूळ जमिनीत फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्यं सोडतं. ही त्याची हाक. जिवाणूच्या अंगात नॉड-डी नावाचं प्रथिन असतं, ते ही हाक ओळखतं आणि मग जिवाणू ओ देतो, म्हणजे गाठ पाडणारा आपला रासायनिक निरोप पाठवतो. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लसूणघासावर दाखवून दिलं की मिथाइल पॅराथिऑन, डीडीटी आणि पेंटाक्लोरोफिनॉलसारखी रसायनं ही हाकच मध्ये अडवतात. गाठी उशिरा आणि कमी आल्या, नत्र कमी बांधला गेला, झाडाची वाढही कमी झाली.

मिथाइल पॅराथिऑन म्हणजे जुन्या शेतकऱ्यांची ‘फॉलिडॉल’ भुकटी. २०१८ पासून तिच्यावर भारतात बंदी आहे. आजच्या प्रत्येक औषधाचं वर्तन असंच असेल असा याचा अर्थ काढू नका. पण जिवाणू न मारताही त्याचं काम बंद पाडता येतं, एवढं यातून पक्कं कळतं.

गाठी न येण्याची इतर कारणंही तपासा, आणि बहुतेक वेळा तीच निघतात. पेरताना युरिया किंवा नत्रयुक्त खताचा हात सैल सुटला असेल तर झाड गाठी पाडायचे कष्टच घेत नाही. शेतात पाणी साचलं असेल, किंवा जिवाणू संवर्धकाचं, म्हणजे बियाण्याला चोळायच्या जिवंत रायझोबियमचं, पाकीट दुकानात पत्र्याखाली उन्हाळाभर भाजलं असेल, तर गाठी कुठून येणार?

बीजप्रक्रियेत औषध आणि जिवाणू संवर्धक दोन्ही वापरायचं आहे. क्रम काय?

आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. कृषी सहायकांकडून ‘एफआयआर’ म्हणून ऐकला असेल, तो हाच क्रम. फंगिसाइड, इन्सेक्टिसाइड, रायझोबियम यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेलं नाव आहे, पोलीस ठाण्याशी संबंध नाही.

क्रम सगळ्यांना पाठ असतो. चूक होते ती वेळेत. आमच्या स्वतःच्या शेतावरचाच किस्सा आहे. ढग भरून आले, ट्रॅक्टर बांधावर उभा, आणि मजुरानं वेळ वाचवायला बुरशीनाशक, इमिडाक्लोप्रिड आणि रायझोबियम एकाच घमेल्यात कालवून बियाण्याला चोळलं. बियाणं छान गुलाबी दिसत होतं. चाळीस दिवसांनी त्या दोन एकरांत दहा झाडं उपटली, आठांवर गाठी नावाला. शेजारच्या पट्ट्यात संवर्धक वेगळं, सावलीत लावलं होतं, तिथे मुळं गाठींनी लगडलेली. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, दोन पट्ट्यांची माती थोडी वेगळीही असेल. पण त्यानंतर आमच्याकडे घमेली दोन असतात.

करायचं असं: रासायनिक प्रक्रिया आदल्या दिवशी किंवा निदान काही तास आधी करून बियाणं सावलीत पूर्ण सुकवा. जिवाणू संवर्धक गुळाच्या थंड पाण्यात कालवून पेरणीच्या दोन-तीन तास आधी हलक्या हातानं चोळा. भुकटीतलं संवर्धक असेल तर १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट ही नेहमीची मात्रा. रसायन लावलेल्या बियाण्याला ती दुप्पट घ्यावी असा सल्ला दिला जातो आणि तो आम्हाला पटतो. सोयाबीनचं बियाणं जोरात चोळू नका, साल निघते आणि उगवण जाते. थायरम किंवा कॅप्टन ही बुरशीनाशकं लावलेल्या बियाण्यावर रायझोबियम फार तग धरत नाही. अशा वेळी संवर्धक चाळलेल्या शेणखतात मिसळून सरीत टाकणं बरं.

पाकीट घेताना तारीख बघा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या रायझोबियममध्ये ग्रॅमला निदान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला निदान १० कोटी जिवंत पेशी असायला हव्यात. मुदत संपलेल्या पाकिटात असते ती काळी पूड.

डब्यावर हिरवा त्रिकोण आहे. म्हणजे जमिनीला सुरक्षित ना?

नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे त्रिकोण उंदरांसारख्या प्राण्यांवर त्या औषधाचा तात्काळ किती विषार होतो, यावरून ठरतात. म्हणजे ते फवारणाऱ्या माणसासाठी आहेत. माती, गांडूळ, मधमाशी यांच्याशी त्या रंगाचा संबंध नाही. कित्येक बुरशीनाशकांवर हिरवा किंवा निळा त्रिकोण असतो, आणि मातीतल्या बुरशीचा काटा काढण्यात तीच लाल त्रिकोणवाल्यांच्या पुढे असतात.

सरकारनं परवानगी दिली म्हणजे सगळं तपासलेलंच असेल की!

तपासतात, पण काय तपासतात ते समजून घ्या. आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य असलेली एक चाचणी अशी: मातीत औषध मिसळायचं आणि २८ दिवसांनी तिथला नायट्रेट तयार होण्याचा वेग औषध नसलेल्या मातीशी ताडून बघायचा. फरक २५ टक्क्यांच्या आत असेल तर परिणाम दीर्घकाळ टिकणारा नाही असं समजतात. जास्त असेल तर चाचणी १०० दिवसांपर्यंत लांबवतात.

चाचणी वाईट नाही. पण ती एका औषधाची, एकदा टाकल्याची, ओलावा आणि तापमान आटोक्यात ठेवलेल्या मातीवर होते. तुमच्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये हंगामात बारा-पंधरा फवारण्या, त्यात चार आळवण्या, आणि माती एप्रिलमध्ये तव्यासारखी तापलेली. तो प्रयोग तुम्ही स्वतःच करत असता, फक्त नोंद कुणी ठेवत नाही.

कोणतं औषध जास्त वाईट, कोणतं कमी? यादी द्या.

यादी मागणारे फोन सगळ्यात जास्त येतात. यादी देता येत नाही, कारण तेच औषध एका मातीत सौम्य आणि दुसरीत त्रासदायक ठरतं. थोडा अंदाज मात्र देता येईल.

मॅलाथिऑनसारखी औषधं मातीत काही दिवसांत विरून जातात. क्लोरोपायरीफॉस मातीत रेंगाळतं, निम्मं व्हायला अनेकदा दोन ते चार महिने. ते मोडताना टीसीपी नावाचा तुकडा तयार होतो, आणि हा तुकडा जिवाणूंना स्वतःच जाचक असतो. म्हणजे जे जिवाणू औषध मोडायचे, त्यांचाच हात हा तुकडा धरतो. युरोपीय संघानं २०२० मध्ये क्लोरोपायरीफॉसची मान्यता पुढे चालू ठेवली नाही, ती मुख्यतः माणसाच्या, विशेषतः लहान मुलांच्या आरोग्याच्या कारणानं.

इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांचा थेट जिवाणूंवरचा मार तुलनेनं सौम्य. तक्रार वेगळी आहे. बियाण्याला लावलेल्या औषधातलं साधारण २ ते २० टक्केच पीक घेतं, बाकीचं मातीत राहतं आणि महिनोन्महिने राहू शकतं. ते गांडुळांना आणि मातीतल्या उपयुक्त किड्यांना भोवतं. गांडूळ गेलं की पालापाचोळा खाली ओढणारा गडी गेला, आणि जिवाणूंच्या ताटात पडणारं अन्न कमी झालं. नुकसान असं फिरून येतं.

कार्बोफ्युरान हे गांडुळांचा काळच आहे. पायरेथ्रॉइड मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसतात, त्यामुळे पाण्यात कमी उतरतात आणि जिवाणूंपर्यंतही कमी पोचतात.

थिमेट टाकल्याशिवाय ऊस येत नाही, असं आमचे वडील म्हणतात.

वडिलांच्या काळात हुमणीवर, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीवर, दुसरं हाताशी नव्हतं, हे मान्य. पण थिमेट म्हणजे फोरेट, आणि त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. जुनी पिशवी गोठ्याच्या माळ्यावर पडली असेल तर ती वापरू नका आणि कुणाला देऊही नका. फोरेट मातीत गेलं की त्याचं सल्फॉक्साइड आणि सल्फोन होतं, ही दोन्ही मूळ औषधाहून जास्त टिकतात आणि विषारीच असतात.

हुमणीचं पुढे सांगितलंच आहे.

जिवाणूच औषध खाऊन टाकतात, असं वाचलं. मग चिंता कसली?

खातात, खरंच. १९७३ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत सेतुनाथन आणि योशिदा या दोघांनी भाताच्या खाचरातून एक जिवाणू वेगळा केला, जो डायझिनॉन आणि पॅराथिऑन मोडत होता. सेतुनाथन आपले भारतीय शास्त्रज्ञ, पुढे कटकच्या भात संशोधन संस्थेत त्यांनी याच विषयावर काम केलं. त्या जिवाणूतलं औषध मोडणारं जनुक आजही या शाखेतल्या विद्यार्थ्यांना पहिल्या काही धड्यांत भेटतं.

पण या खाण्याला दोन बाजू आहेत. एक म्हणजे सवय. त्याच रानात वर्षानुवर्षं तेच औषध टाकलं, तर ते खाणाऱ्यांची फौज तयार होते आणि औषध किडीपर्यंत पोचायच्या आत संपतं. कार्बोफ्युरानच्या बाबतीत हे जगभर दिसलं आहे. शेतकरी म्हणतो ‘कंपनीनं माल पातळ केला’ आणि मात्रा वाढवतो. माल बऱ्याचदा तोच असतो, खाणारे वाढलेले असतात.

दुसरी बाजू म्हणजे मोडलं म्हणजे निर्विष झालं असं नाही. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं मे २०११ मध्ये बंदी घातली. मातीतल्या बुरशी आणि जिवाणू त्याचं एंडोसल्फान सल्फेट करतात. ते तितकंच विषारी आणि मूळ औषधापेक्षा चिवट. जिवाणूला आपल्या शेताचं भलं करायचं नसतं, त्याला जेवायचं असतं.

बुरशीनाशकं आणि तणनाशकं?

विषय कीटकनाशकांचा आहे म्हणून थोडक्यात. मातीतल्या सूक्ष्मजीवांना बुरशीनाशकं जास्त लागतात, यात फारसं दुमत नाही. कार्बेन्डॅझिमची आळवणी मायकोरायझाला, म्हणजे मुळांना स्फुरद आणि जस्त आणून देणाऱ्या बुरशीला, चांगलीच बाधते. नाशिककडच्या द्राक्षबागांत वर्षानुवर्षं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारलेला आहे. त्यातलं तांबं कुजत नाही, विरत नाही, साठतच जातं.

कीटकनाशकांचं मायकोरायझाशी नातं गमतीचं आहे. मातीत उड्या मारणारे पांढुरके बारीक किडे असतात, ते बुरशीचे धागे चरतात. कीटकनाशकानं ते मेले की काही प्रयोगांत मायकोरायझा उलट जोमानं वाढलेली दिसली. ही बातमी विक्रेत्यांना सांगू नका.

मग निंबोळी अर्क, निंबोळी पेंड वापरली की झालं?

किडीसाठी जरूर वापरा. पण ‘नैसर्गिक म्हणजे जिवाणूंना अपायच नाही’ हे गणित चुकीचं आहे. २०१५ पासून देशात शेतीसाठीचा जवळपास सगळा युरिया निंबोळी तेलाचं लेपण करूनच येतो. कशासाठी? अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना थोडं दमानं घ्यायला लावावं, म्हणजे नत्र धुपून जाणार नाही. कडुनिंब जिवाणूंवर परिणाम करतो म्हणून तर त्याचा तिथे उपयोग होतो! इथे तो परिणाम आपल्याला हवा आहे, एवढंच.

ट्रायकोडर्मा आणि मेटारायझियम औषधाबरोबर चालतात का?

दोन्ही उपयुक्त बुरशी आहेत: ट्रायकोडर्मा रोगाच्या बुरशीवर, मेटारायझियम किडीवर. त्यामुळे बुरशीनाशकाबरोबर नाहीत. कीटकनाशकांपैकी इमिडाक्लोप्रिड दोन्हीला बरंच चालतं. हुमणी आणि वाळवीच्या बाबतीत तर थोड्या मात्रेतलं इमिडाक्लोप्रिड किडीला सुस्त करतं आणि मेटारायझियमचं काम सोपं होतं. क्लोरोपायरीफॉस दोघांनाही जाचतं. प्रवाही औषधातलं विद्रावक तेलही पेशींना मारतं, म्हणून टाकीत एकत्र कालवणं टाळाच. आळवणी केली असेल तर दोन-तीन आठवडे थांबा, मग शेणखतात मुरवलेलं ट्रायकोडर्मा द्या.

जीवामृत सोडलं तर मेलेले जिवाणू भरून निघतात का?

२०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. हे एकरभर सोडलं तर जिवाणू जातात, पण एकरातल्या साडेआठ लाख किलो मातीत आधीच असलेल्या जिवाणूंपुढे ते पाहुण्यांइतकेच. त्यातही शेणातले जिवाणू गाईच्या पोटातल्या उबेला सरावलेले, मातीत त्यांचा टिकाव थोडा. गूळ-बेसनानं मूळच्या जिवाणूंना चार दिवस पंगत मिळते, हा भाग खरा. रायझोबियम गेला असेल तर जीवामृतानं तो परत येईल याचा भरवसा नाही, त्यासाठी त्या पिकाचं संवर्धकच लागेल.

कायमचं जेवण म्हणजे सेंद्रिय कर्ब. आपल्या अनेक जिरायती काळ्या रानांत तो अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर असतो. ज्या मातीत कर्ब बरा आहे तिथे औषध कर्बाला चिकटतं, हळूहळू मोडतं, आणि दबलेले जिवाणू लवकर उठतात. तीच आळवणी, तेच औषध, पण पाचट न जाळणाऱ्याच्या रानात आणि जाळणाऱ्याच्या रानात परिणाम वेगळा.

आमची जमीन काळी आहे, पाहुण्यांची कोकणात तांबडी. फरक पडतो?

बराच. काळ्या मातीतली चिकण औषध धरून ठेवते, आणि तिचा सामू (पीएच) साडेसातच्या वर असल्यानं बरीच ऑर्गेनोफॉस्फेट औषधं तिथे पाण्याबरोबरच लवकर तुटतात. कोकणातल्या जांभ्याच्या आम्ल मातीत हे तुटणं मंदावतं. मुरमाड हलक्या रानात औषध धरायला काही नसतं, पहिल्या मोठ्या पावसात ते खाली विहिरीकडे निघतं. आणि माती कोणतीही असो, ती कोरडी असताना सगळंच थांबलेलं असतं. मार्चमध्ये टाकलेलं औषध जूनपर्यंत जवळपास जसंच्या तसं सापडू शकतं, कारण मोडणारे झोपलेले असतात.

आमच्या रानातले जिवाणू जिवंत आहेत का, हे कसं कळणार? मृद आरोग्य पत्रिकेत दिसत नाही.

दिसणारच नाही. पत्रिकेत १२ रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. जिवाणूंचा रकाना नाही.

घरचा उपाय सांगतो. मांजरपाटाचे वीतभर लांबरुंद तुकडे घ्या, पूर्ण सुती हवेत, टेरिकॉट नको. चार तुकडे आळवणी होणाऱ्या पट्ट्यात, चार बांधालगतच्या न फवारलेल्या जागेत, सहा इंच खोल पुरा. काठी रोवून खूण करा, नाहीतर सापडत नाहीत, हे आम्ही अनुभवानं सांगतो. ऐन पावसाळ्यात पुरलेत तर दोन महिन्यांनी काढा. जिवंत मातीत कापडाची जाळी होते, कधी नुसते चार धागे उरतात. जिथे कापड डागाळलेलं पण धड निघतं, तिथे कुजवणारे कमी किंवा उपाशी. स्वित्झर्लंडमध्ये लोकांनी याच कामासाठी सुती चड्ड्या पुरल्या होत्या, आपल्याला मांजरपाट पुरे. हे कापड कुजवणाऱ्यांची खबर देतं, रायझोबियमची नाही. त्याच्यासाठी गाठ फोडूनच बघावी लागते.

हुमणीला काहीच टाकलं नाही तर ऊस आडवा होतो. तुम्ही सांगा काय करू?

औषध टाकूच नका असं आम्ही म्हणत नाही. कधी आणि कुठे टाकायचं, ते बघा. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या किंवा मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. रात्री आठ-साडेआठला फांद्या हलवा, खाली पडतील ते गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाका. एकट्यानं करून उपयोग नाही, शिवाराला शिवार उतरलं पाहिजे. मादी अंडी घालायच्या आत पकडली की तिच्या मागचं सगळं बिऱ्हाड टळतं.

जून-जुलैत अळी बारीक असते, तेव्हा मेटारायझियम किंवा शिफारस केलेलं औषध थोड्या मात्रेतही लागू पडतं. सप्टेंबरात पानं पिवळी पडल्यावर जे दुप्पट मात्रेचं औषध ओततात, ते जाडजूड अळीला फारसं लागत नाही आणि मुळाभोवतीच्या जिवाणूंना मात्र पूर्ण लागतं. खर्चही जातो. औषध वापरायचंच झालं तर फक्त लागण झालेल्या टापूत, वाफशावर, आणि पुढच्या वर्षी गट बदलून.

पंप धुतलेलं पाणी कुठे टाकायचं?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, म्हणून शेवटी घेतला. प्रत्येक शेतात एक कोपरा असतो, सहसा विहिरीजवळ किंवा हौदापाशी, जिथे वर्षानुवर्षं पंप भरला जातो, सांडतो, धुतला जातो. तिथे गवतही विरळ उगवतं. अख्ख्या शेतात सगळ्यात जास्त विष साठलेली जागा तीच.

डबा रिकामा झाला की तीनदा विसळा आणि ते पाणी पंपातच ओता. पंप धुतलेलं पाणी त्याच पिकावर, कडेच्या ओळींवर मारा. आणि जमलं तर विहिरीपासून लांब एक खड्डा करा. स्वीडनमध्ये १९९३ पासून शेतकरी असा खड्डा वापरतात: निम्मा भाग काड, पाव भाग पीट (दलदलीत अर्धवट कुजलेला पालापाचोळा), पाव भाग माती. आपल्याकडे काड म्हणून गव्हाचं काड किंवा सोयाबीनचं कुटार, पीटऐवजी चांगलं कुजलेलं शेणखत चालेल. काडावर वाढणारी पांढरी बुरशी आणि जिवाणू सांडलेलं औषध तिथल्या तिथे मोडतात. खड्ड्याच्या तळाला चिकणमातीचा थर द्या, वर पावसाळ्यात पत्रा टाका, आणि गुरं तिकडे जाणार नाहीत अशी काटेरी कुंपणं घाला.